पाकट मासा बघायला जायचंय? गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेड्यापाड्यांतल्या शाळांच्या सहली मत्स्यालयात न्यायला मी मदत करतो. सहलीचं पत्रक गावात पोचलं की फोन सुरू होतात: गुरुजींचे, पालकांचे, आणि सगळ्यांत जास्त आज्यांचे. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून इथं एका जागी मांडून ठेवले. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. तिकिटाचे दर मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते बदलत राहतात आणि मग भांडण माझ्याशी होतं.

१. पाकट म्हणजे कोणता मासा? आमच्या तलावात तर कधी दिसला नाही.

दिसणारही नाही. बहुतेक सगळे पाकट समुद्रात राहतात. मत्स्यालयातल्या पाट्यांवर त्याला ‘स्टिंग रे’ म्हणतात. अंग चपटं आणि रुंद असतं. दोन्ही बाजूंचे पर इतके पसरलेले असतात की डोकं कुठं संपलं आणि पर कुठं सुरू झाला ते कळत नाही. मागं लांब, बारीक शेपूट. अंगात हाड एकही नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या नाकाच्या शेंड्यात असते त्या मऊ हाडाचा. त्यामुळे त्याचं नातं रोहू-कटल्यापेक्षा मुशीशी, म्हणजे शार्कशी, जवळचं आहे. नद्यांतल्या पाकटांबद्दल प्रश्न १६ पाहा.

२. विदर्भातून बघायला कुठं जावं लागते?

रेल्वेच्या सोयीनं पाहिलं तर दोन ठिकाणं बरी पडतात. एक अहमदाबादच्या सायन्स सिटीतलं मत्स्यालय. ते जुलै २०२१ मध्ये सुरू झालं आणि तिथं २८ मीटर लांबीचा पाण्याखालचा बोगदा आहे. दुसरं चेन्नईच्या ईस्ट कोस्ट रोडवरचं व्हीजीपी मरीन किंगडम, २०१९ मध्ये सुरू झालेलं. तिथंही बोगदा आहे.

गंमत अशी की चेन्नई ते अहमदाबाद धावणारी नवजीवन एक्सप्रेस आपल्या चंद्रपूर, वर्धा, बडनेरा, अकोला या भागातूनच जाते. म्हणजे गाडी एकच, फलाट बदलला की मत्स्यालय बदललं. गोंदिया-भंडाऱ्याकडच्यांना नागपूर गाठलं की चेन्नईसाठी ग्रँड ट्रंक किंवा तामिळनाडू एक्सप्रेस मिळते, आणि अहमदाबादसाठी हावड्याहून येणारी गाडी गोंदियातूनच जाते. दोन्हीकडे एक रात्र गाडीत धरूनच चला.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा निघालेल्यांनी चेन्नई धरावी. कारण साधं आहे. आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी समुद्रच पाहिलेला नसतो. आधी किनाऱ्यावर नेऊन लाटेत उभं करा, मग टाकी दाखवा. ज्यानं समुद्र पाहिला नाही त्याला टाकीतला पाकट कुठून आला ते सांगून समजत नाही. अहमदाबाद निवडलंत तर सोमवार टाळा, त्या दिवशी सायन्स सिटी बंद असते.

३. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय जवळ नाही का? आमच्या वडिलांनी पाहिलं होतं.

१९५१ साली मरीन ड्राइव्हला सुरू झालेलं हे मत्स्यालय आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी पाहिलं. पण गेली काही वर्षं ते प्रेक्षकांसाठी बंद आहे. विदर्भ एक्सप्रेसचं आरक्षण करण्याआधी हे ध्यानात घ्या. केवळ त्यासाठी मुंबईला जाऊ नका.

४. शहरात मैदानावर मंडप टाकून ‘पाण्याखालचा बोगदा’ लागते. तेच पाहिलं तर नाही चालणार?

चालेल, पण अपेक्षा कमी ठेवून. या प्रदर्शनांत पाकट दिसले तर ते बहुधा दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचे असतात. काळपट अंगावर पिवळसर ठिपके दिसले की समजायचं. समुद्राचं पाणी घेऊन गावोगाव फिरणं सोपं नाही, म्हणून अशी निवड होते. मासा खराच असतो, फसवणूक नसते. मात्र गर्दी, भोंगा आणि वरून रंगीत दिव्यांचा मारा यांत तो काय करतो ते नीट पाहायला मिळत नाही. पाणी गढूळ दिसलं किंवा मासे कोपऱ्यात वर तोंड करून गोळा झालेले दिसले तर तिकीट काढू नका आणि का काढलं नाही ते खिडकीवर सांगा.

५. कोणत्या दिवसांत जावं? आणि किती वेळ ठेवावा?

दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत. उन्हाळ्यात आपल्याकडून निघणंच कठीण. डब्यातलं पाणी तापतं, पोरं मलूल होतात आणि मत्स्यालयाच्या गार हवेत शिरल्याबरोबर झोपतात. चेन्नईला मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे दिवस असतात, तेव्हा तिकडे जानेवारी उत्तम.

सकाळी दार उघडताना आत शिरा. खाऊ घालण्याची वेळ आधी फोन करून विचारा आणि सगळा दिवस तिच्याभोवती बसवा. पाकटाच्या एका टाकीपुढं निदान वीस मिनिटं द्या.

६. वीस मिनिटं? लेकरं तर दोन मिनिटांत पुढं पळतात. एवढं बघायचं काय?

पळतात, कारण त्यांना काय शोधायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. मी बसमध्येच कामं वाटून देतो.

पहिलं काम: वाळूत डोळे शोधा. पाकट तळाशी बसतो आणि पर हलवून अंगावर वाळू ओढून घेतो. रिकाम्या वाटणाऱ्या वाळूत दोन उंचवटे दिसतात, ते त्याचे डोळे. पहिल्या पोरानं ओरडून दाखवलं की मग कुणी हलत नाही.

दुसरं काम: डोळ्यामागचं भोक बघा. प्रत्येक डोळ्याच्या लगेच मागं एक छिद्र असतं, उघडझाप करणारं. पाकटाचं तोंड आणि कल्ल्यांच्या फटी पोटाकडे आहेत. वाळूत बसल्यावर तिथून पाणी ओढलं तर वाळू आत जाईल. म्हणून तो वरच्या या छिद्रातून पाणी घेतो आणि खालच्या पाच जोड्या फटींतून सोडतो. मुलांना एका मिनिटात किती वेळा उघडझाप होते ते मोजायला लावा. त्याच टाकीतल्या दुसऱ्या पाकटाचं मोजा. आकडे वेगळे आले की वर्गात महिनाभर वाद चालतो, आणि तो वाद मला सहलीपेक्षा मोलाचा वाटतो.

आणखी जवळून पाहायचं असेल तर बुबुळ पाहा. उजेड जास्त असला की बुबुळावर वरून एक दातेरी पापुद्रा उतरलेला दिसतो. पापणी नाही ती, उजेड अडवायचा त्याचा पडदा आहे.

तिसरं काम: चाल ओळखा. काही पाकटांच्या परांची फक्त कड हलते, पुढून मागं लहर जाते आणि अंग स्थिर राहतं. काही पूर्ण पर वर-खाली मारत जातात. पहिले तळाशी राहणारे, दुसरे मोकळ्या पाण्यात भटकणारे. पाटी न वाचता पोरांना हे सांगता आलं पाहिजे.

खाऊ घालताना तर जागचं हलूच नका. पाकटाचे डोळे वर आणि तोंड खाली, म्हणजे जे खातो ते त्याला दिसतच नाही. वासावर आणि नाकाभोवतीच्या बारीक छिद्रांवर त्याचं काम चालतं. या छिद्रांना सजीवाच्या अंगातली अतिशय क्षीण वीज कळते, त्यामुळे वाळूखाली लपलेला खेकडासुद्धा सापडतो. सापडला की पाकट त्याच्यावर अंग टाकून त्याला दाबून धरतो आणि तोंडात ओढतो. दात चपटे, फरशीप्रमाणे बसवलेले, शिंपले फोडणारे.

७. काचेला चिकटून वर गेला की पोटाकडून हसरा चेहरा दिसते. ते डोळे म्हणायचे का?

नाही, ती नाकपुडं. डोळे पाठीकडे आहेत (प्रश्न ६). तोंडाची वाकडी रेघ आपल्याला हसू वाटते, पाकटाला त्याचा पत्ता नसतो. फोटो काढायचा तर याच क्षणी काढा, प्रश्न १८ मधली अट पाळून.

८. शेपटीच्या बुडाशी दोन बोटं लोंबतात ती काय? पोरांनी विचारलं आणि आमचे गुरुजी पुढं निघून गेले.

ती नराची खूण. त्या अवयवांनी नर मादीच्या शरीरात शुक्रजंतू सोडतो. माद्यांना ती नसतात. गावातल्या पोरांनी बकऱ्या-गाई पाहिलेल्या असतात, त्यांना यात नवल काहीच नाही. अवघडतो तो आपण मोठी माणसं. सरळ सांगा आणि टाकीत नर किती, माद्या किती ते मोजायला लावा.

९. डसते काय हो? आमच्या आजीनं त्याच भीतीनं नातवाचं नाव काढून घेतलं.

आजींना हे वाचून दाखवा. पाकट चावत सुटत नाही आणि मागं लागून काटाही मारत नाही. काटा स्वसंरक्षणासाठी आहे: कुणी पाय दिला, पकडलं, दाबलं तर. तो शेपटीच्या टोकाला नसतो, थोडा वर, शेपटीच्या पाठीवर असतो. दोन्ही कडांना मागं वळलेले दाते असतात, त्यामुळे आत जाण्यापेक्षा बाहेर येताना जास्त फाडतो. खालच्या बाजूच्या खाचांत विषारी ऊती असते आणि वरून पातळ आवरण. काटा घुसला की आवरण फाटतं आणि विष जखमेत उतरतं. वेदना भयंकर, पण जीव जाणं फार विरळा.

‘पण तो टीव्हीवाला गेला ना’, हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. हो, ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह अर्विन ४ सप्टेंबर २००६ रोजी समुद्रात चित्रीकरण करताना पाकटाचा काटा छातीत घुसून गेले. जखम थेट हृदयाला झाली होती. ती घटना जगभर गाजली ती विरळा होती म्हणूनच.

बोगद्यात आणि काचेच्या टाकीपुढं तर तुमच्या-त्याच्यात जाड अॅक्रिलिक असतं. तिथं डसण्याचा प्रश्नच नाही. हात लावायच्या हौदाचं पुढं वाचा.

१०. हात लावू देतात म्हणे. काटा कापलेला असते का? हे मग पापच ना?

परदेशात बऱ्याच मत्स्यालयांत उथळ हौद असतो, त्यात हात घालून पाकटाला स्पर्श करता येतो. आपल्याकडे अशी सोय मोजक्या ठिकाणी आहे आणि असली तरी हौदात कोणते जीव ठेवलेत ते बदलत राहतं. तेव्हा मुलांना आधी कबूल करू नका.

अशा हौदातल्या पाकटांचे काटे छाटतात, नखं कापावीत तसे. काटा पुन्हा वाढतो, म्हणून ठरावीक काळानं पुन्हा छाटावा लागतो. निसर्गातही जुना काटा गळून नवा येतो. छाटणं नीट झालं तर त्याला इजा नाही. मला खटकतं ते वेगळंच. एका हौदावर दिवसभरात शेकडो हात येतात. चांगल्या ठिकाणी पाकटाला लोकांपासून दूर जायला मोकळा कोपरा ठेवलेला असतो आणि मधूनमधून हौद बंद करतात. तो कोपरा दिसला नाही तर मी मुलांना हात घालू देत नाही. बघण्यात जे मिळतं ते बोट लावून मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

११. हात लावायचाच झाला तर कसा?

बाह्या कोपरावर. अंगठ्या, घड्याळ, काचेच्या बांगड्या काढून. हात नुसत्या पाण्यानं खळखळून धुवायचा. मग तळहात सपाट, पाण्याखाली, स्थिर. पाकटाकडे हात न्यायचा नाही, त्यानं हाताखालून जावं. पाठीवर किंवा पराच्या कडेवर दोन बोटं अलगद टेकवायची. डोळे, त्यामागची छिद्रं आणि शेपूट वर्ज्य. पकडायचं नाही, पाण्याबाहेर उचलायचं तर नाहीच.

बोटांना बुळबुळीत लागेल. तो थर त्याला जंतूंपासून वाचवतो, म्हणून खरवडू नका. बाहेर आल्यावर साबणानं हात धुवा, आणि त्यानंतरच शिदोरी सोडा.

१२. लग्नातून थेट जाऊ. हातावर मेहंदी, हळद, तेल असलं तर?

वाळलेल्या मेहंदीच्या रंगाला हरकत नसते. ओला लेप, हळद, खोबरेल, अत्तर, उन्हाचं क्रीम आणि सॅनिटायझर यांना आहे. हे सगळं पाण्यात उतरतं. सॅनिटायझर लावून हात घालणं लोकांना स्वच्छतेचं वाटतं, पण मासा त्याच पाण्यात श्वास घेत असतो.

१३. सोयाबीन काढताना विळा लागलाय. पट्टी बांधून हात घातला तर चालेल?

नाही. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू उघड्या जखमेतून शिरतात आणि पट्टी पाण्यात टिकत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी बारीक खरचटलं असेल तरी हात बाहेरच ठेवावा.

१४. समजा कुठं समुद्रावर डसलाच, तर काय करायचं?

आपल्याकडच्या ढिवर-भोई मंडळींना शिंगी माशाचा काटा माहीत आहे. हात ठणकतो, जीव नको होतो. त्या ठणक्यावर आणि पाकटाच्या काट्यावर पहिला उपाय एकच: गरम पाणी. हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, ३० ते ९० मिनिटं. उष्णतेनं विषातली प्रथिनं निकामी होतात आणि वेदना उतरते. पाणी किती गरम आहे ते दुखऱ्या हातानं तपासू नका, त्याला भान नसतं. बऱ्या हातानं बघा.

त्याआधी रक्त वाहत असेल तर दाबून थांबवा. मग दवाखाना, कारण जखमेत काट्याचे तुकडे राहतात आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. काटा छाती, पोट किंवा मानेत रुतला असेल तर तो ओढून काढायचा नाही. तसाच धरून तातडीनं रुग्णालय गाठा. बिब्बा, चुना, कांद्याचा रस यातलं काही लावू नका, आणि मांत्रिकाकडे जाऊन वेळ घालवू नका.

१५. समुद्र शेकडो कोस लांब असला तर खारं पाणी आणतात कुठून? आमच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं नाही चालणार?

हा प्रश्न अकोला-दर्यापूरकडून हमखास येतो आणि मला आवडतो. समुद्रापासून लांब असलेली मत्स्यालयं गोड्या पाण्यात तयार मिश्रण घालून समुद्राचं पाणी बनवतात, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. नुसतं मीठ नाही, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे ठरलेल्या प्रमाणात असतात. पूर्णेच्या खोऱ्यातलं विहिरीचं पाणी पिकाला आणि किडनीला जड असलं तरी त्यातल्या क्षारांचं प्रमाण आणि मेळ समुद्राचा नाही. समुद्री पाकट त्यात जगणार नाही.

कारण पाकटाच्या रक्तातच आहे. समुद्राच्या खारेपणाशी बरोबरी साधायला तो रक्तात आणि मांसात युरिया साठवून ठेवतो. हो, तोच युरिया, जो आपण पिकाला टाकतो. भोवतालचं पाणी एकदम फिकं झालं तर ही घडी मोडते. कोकणात पाकट खातात, ताजा आणि सुकवलेलाही. तो शिळा झाला की नाकाला झोंबतो तो अमोनियाचा वासही याच युरियातून येतो.

१६. वैनगंगेत, प्राणहितेत पाकट सापडते का? मोबाइलवर नदीतला खाटेएवढा पाकट पाहिला.

वैनगंगेच्या जाळ्यात तो यायचा नाही. तुम्ही पाहिलेला बहुधा कंबोडियातल्या मेकाँग नदीतला असेल. जून २०२२ मध्ये तिथल्या मच्छीमाराला ३०० किलोची मादी मिळाली. लांबी जवळजवळ चार मीटर. गोड्या पाण्यातला आजवर नोंदलेला सर्वांत मोठा मासा तोच. मोजमाप करून, खूण लावून तिला परत नदीत सोडलं.

गोड्या पाण्यात कायम राहणारे पाकट दक्षिण अमेरिकेतही आहेत (प्रश्न ४ मधले ठिपक्यांचे). पिढ्यान्‌पिढ्या नदीत राहून त्यांनी युरिया साठवणं सोडून दिलं, त्यामुळे आता त्यांना समुद्रात टाकलं तर जगणार नाहीत.

१७. टाकीत नाणं टाकलं तर काय बिघडते? आम्ही तर गोदावरीत रेल्वेतून टाकतो.

बरंच बिघडतं. काही नाण्यांच्या धातूत तांबं असतं आणि मुशी-पाकट वर्गाला तांबं फार बाधतं. इतर माशांच्या रोगांवर तांब्याचं जे औषध चालतं, ते पाकटाच्या टाकीत टाकताना पाळणारे दहादा विचार करतात. शिवाय हा मासा तळाशी सापडेल ते तोंडात ओढून पाहतो (प्रश्न ६). नवस बोलायचा तर गावच्या देवाला बोला.

१८. फोटो काढता येतात का?

बहुतेक ठिकाणी हो, फ्लॅश बंद करून. मोबाइल काचेला टेकवून धरा म्हणजे प्रतिबिंब येत नाही. काचेवर टकटक करू नका.

१९. खाली वाळूत शांत पडून राहते. मेलेला तर नाही ना?

डोळ्यामागचं छिद्र बघा. उघडझाप होत असेल तर ठीक आहे.

२०. तिथं लाइट गेली तर? आमच्याकडे तर रोजचं भारनियमन.

मोठ्या मत्स्यालयांत जनरेटर असतात, पण भीती निराधार नाही. पाकटांची टाकी म्हणजे चोवीस तास चालणारे पंप. पाण्यातला प्राणवायू घसरला तर काही तासांत होत्याचं नव्हतं होतं. अमेरिकेत शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयात जुलै २०१५ मध्ये हौदातला प्राणवायू कमी झाला. कर्मचाऱ्यांनी धावपळ केली, तरी ५४ च्या ५४ पाकट दगावले. इतक्या मोठ्या संस्थेत हे झालं. आता पुढचा प्रश्न वाचा.

२१. शेततळ्यात किंवा घरच्या टाकीत पाकट पाळता येईल का? एक दुकानदार लहान पिल्लू देतो म्हणते.

नका घेऊ. तळहाताएवढं पिल्लू वाढून परातीपेक्षा मोठं होतं, त्याला हौद लागतो, टाकी नाही. शेततळ्याचं पाणी आपल्या उन्हाळ्यात किती तापतं ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि विजेचं प्रश्न २० मध्ये आलंच. काटा छाटलेला नसतो हेही ध्यानात ठेवा. नको झालं म्हणून मामा तलावात, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावात, सोडून देणं तर त्याहून वाईट. शिवाय पाकटांच्या काही जातींना आपल्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि दक्षिण अमेरिकेतल्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली आहेत. दुकानदार कागद दाखवणार नाही.

२२. नर नसताना एक मादी गाभण राहिली, असं व्हॉट्सॲपवर आलं होतं. खरं काय?

बातमी आली होती खरी, पण शेवट वेगळा झाला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात, समुद्रापासून दूर हेंडरसनव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या छोट्या मत्स्यालयात शार्लट नावाची पाकट मादी होती, टाकीत तिच्या जातीचा नर नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती गाभण असल्याचं जाहीर झालं. टाकीतल्या शार्कशी संबंध आला असेल असंही लोक बोलू लागले. ते तर अशक्यच, दोघांचा वंश फार वेगळा. महिने गेले, पिल्लं आली नाहीत. मेअखेरीस मत्स्यालयानं सांगितलं की तिला प्रजनन अवयवांचा आजार आहे, आणि जूनअखेर ती मेली.

नराशिवाय पिल्लं होणं मात्र थाप नाही. मुशी-पाकट वर्गातल्या काही जातींत ते पक्कं सिद्ध झालं आहे. एरवी पाकट मादी अंडी बाहेर घालत नाही. पिल्लं पोटात वाढतात, आधी बलकावर आणि नंतर आईच्या गर्भाशयात पाझरणाऱ्या दुधासारख्या स्रावावर. जन्मतात ती पर गुंडाळलेल्या अवस्थेत, काट्यासकट. एका वेळी थोडीच. म्हणून जास्त मासेमारी यांना सोसत नाही. जावाजवळची एक छोटी जात १८६२ साली जकार्ताच्या बाजारातून घेतलेल्या एकाच नमुन्यावरून माहीत होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

२३. आमच्या वर्गात एक पोरगी आंधळी आहे. तिला न्यावं का? काचेतून तिला काय कळणार?

न्यावंच, पण तयारी वेगळी. मत्स्यालयाला आठवडाभर आधी फोन करा आणि गळून पडलेला काटा, दातांची पट्टी, वाळवलेला नमुना यातलं काही हाताळायला मिळेल का विचारा. काही ठिकाणी असं साहित्य शिक्षण विभागाकडे ठेवलेलं असतं. हात लावायचा हौद असेल तर गर्दीच्या आधीची वेळ मागा, तिच्यासाठी प्रश्न १० मधला माझा आडमुठेपणा मी बाजूला ठेवतो. काहीच नसेल तर शाळेत आधी मातीचा पाकट करून घ्या: डोळे वर, तोंड खाली, काटा शेपटीच्या पाठीवर. तिथं गेल्यावर एका मैत्रिणीनं तिच्याजवळ उभं राहून तो काय करतोय ते सांगत राहायचं. सांगणाऱ्या पोरीलाच नीट बघावं लागतं, हा वरचा फायदा.

२४. एवढ्या लांब गेलो आणि पाकटाची टाकीच बंद असली तर? पैसे परत मिळतात का?

बहुधा नाही, कारण तिकीट सगळ्या मत्स्यालयाचं असतं, एका टाकीचं नव्हे. नवा मासा वेगळा ठेवून तपासणं, आजारी मासा हलवणं, टाकी साफ करणं यासाठी दालनं अधूनमधून बंद होतात. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करा, आणि खिडकीवर पैसे देण्याआधी पुन्हा विचारा. ‘पाकट आहेत का’ असं विचारू नका, ‘आज बघायला मिळतील का’ असं विचारा. पहिल्याचं उत्तर नेहमी हो असतं. शाळेचा गट असेल तर सगळी तिकिटं एकदम काढू नका. आधी एका शिक्षकानं आत जाऊन टाकी पाहून यावी, मग बाकीची.